मधुमेह असताना डोळ्याच्या दाबाचा आकडा कसा वाचावा

मधुमेह आणि डोळा म्हटले की लक्ष दृष्टिपटलाकडे, म्हणजे मागच्या पडद्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र पुढच्या पारदर्शक पटलावर, कॉर्नियावरही वाढलेल्या साखरेचा परिणाम होतो आणि तो ध्यानात घेतला नाही, तर काचबिंदूच्या तपासणीत आलेल्या आकड्याचा चुकीचा अर्थ लागू शकतो. डोळ्यातला दाब नेहमीच्या तपासणीत थेट मोजला जात नाही; कॉर्निया बाहेरून दाबून तो किती विरोध करतो, यावरून त्याचा अंदाज बांधला जातो. कॉर्निया ताठर असेल तर आतला दाब तेवढाच असूनही आकडा जास्त येतो.

हा ताठरपणा कसा येतो, ते आधी पाहू. कॉर्नियाची मध्यभागातील जाडी सुमारे 540 मायक्रॉन असते आणि तिचा जवळजवळ 90 टक्के भाग कोलॅजेन तंतूंच्या एकावर एक रचलेल्या थरांचा असतो. कॉर्नियाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे तो ग्लुकोज मुख्यतः मागच्या द्रवातून घेतो आणि रक्तातील साखर वाढली की त्या द्रवातीलही वाढते. हे जादा ग्लुकोज कोणत्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय कोलॅजेनला चिकटते, आणि पुढे त्यातूनच शेजारच्या तंतूंना एकमेकांशी जखडणारे रासायनिक बंध तयार होतात. कोलॅजेनची झीज-भर अतिशय संथ असल्यामुळे हे बंध वर्षानुवर्षे साठत जातात. केराटोकोनस या विकारात कॉर्निया मऊ पडून पुढे येतो, तेव्हा रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून असेच बंध मुद्दाम निर्माण केले जातात.

दुसरा बदल याच्या उलट दिशेने जातो. कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी सतत पाणी बाहेर काढत असतात. मधुमेहात या पेशींचे काम मंदावू शकते आणि कॉर्निया किंचित फुगतो. एरवी जाड कॉर्निया दाबाला जास्त विरोध करतो, पण सुजेमुळे आलेली जाडी ताठरपणा दाखवत नाही. बरीच सूज असलेला कॉर्निया उलट मऊ असतो. म्हणूनच केवळ जाडी मोजून दाबाच्या आकड्यातून स्वतःच वजाबाकी करणे मला धोक्याचे वाटते.

तपासणीला जाताना एचबीए1सीचा ताजा अहवाल सोबत न्यावा, कारण त्यातून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास ती किती आधी काढायची, हे विचारून घ्यावे. दाब दिवसभरात बदलत असल्याने प्रत्येक वेळी शक्यतो त्याच सुमारास आणि त्याच पद्धतीच्या यंत्रावर तो मोजून घ्यावा आणि वेळ व पद्धत दोन्ही वहीत टिपून ठेवावीत.

दाब मोजण्याच्या गोल्डमन पद्धतीत डोळा बधिर करून त्यात पिवळसर रंगद्रव्य घालतात आणि निळ्या प्रकाशात कॉर्नियाचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट होईपर्यंत हलका दाब देतात. तपासणाऱ्याला दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की आकडा वाचायचा. या क्षणी श्वास रोखला, पापण्या घट्ट आवळल्या किंवा गळ्याशी कपडा आवळलेला असला, तरी आकडा वाढतो.

आकडा 21 मिलिमीटर पाऱ्याच्या वर आला किंवा आधीपेक्षा बराच बदलला, तर पॅकिमेट्री, म्हणजे जाडीची मोजणी, झाली आहे का ते विचारावे. सोय असल्यास हवेच्या झोताने कॉर्निया आत दबताना आणि परत येताना नोंदवलेल्या दाबांतील फरकही मोजता येतो. याला हिस्टरेसिस म्हणतात. तो ताठरपणाचा आकडा नव्हे, तर कॉर्निया ऊर्जा किती शोषतो याचा आहे. मधुमेहींमध्ये तो काही अभ्यासांत वाढलेला, तर काहींत घटलेला आढळला आहे; त्यामुळे त्यावरून मधुमेहाबद्दल निष्कर्ष काढू नये. मात्र कमी हिस्टरेसिस आणि काचबिंदू वाढत जाणे यांचा संबंध दिसून आला आहे, म्हणून काचबिंदूची शंका असेल तेव्हा त्याची नोंद उपयोगी ठरते. उपचाराचा निर्णय मात्र दृष्टिचेता, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, आणि दृष्टिक्षेत्र यांच्या तपासणीसह डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. कॉर्निया ताठर असेल असे गृहीत धरून काचबिंदूचे थेंब स्वतःहून कधीही बंद करू नयेत.

मधुमेहात कॉर्नियातील चेतातंतूही विरळ होतात, त्यामुळे जखम झाली तरी दुखेलच असे नाही, आणि ती भरायलाही वेळ लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी आणि डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी आपला मधुमेह डॉक्टरांना आवर्जून सांगावा. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागले किंवा नजर धूसर झाली, तर वेदना होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवून यावे.