लेकराच्या आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचाची तपासणी: या चुका टाळा

हिर्शस्प्रंग आजाराचं (यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जापेशी नसतात, म्हणून शी पुढं सरकत नाही) किंवा जन्मतः बंद असलेल्या शीच्या जागेचं ऑपरेशन झालेलं लेकरू तपासणीला आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रोज संडासला होते का?" आई "हो" म्हणते आणि कागदावर "ठीक" लिहिलं जातं. सगळ्यात मोठी चूक इथंच होते. दिवसातून चार वेळा थोडी थोडी शी करणाऱ्या लेकराचं आतडं घट्ट शीच्या खड्यांनी गच्च भरलेलं असू शकतं. शौचाचा ताबा मोजायच्या रिंटाला गुणपत्रिकेत एकूण 20 गुण असतात. त्यात किती वेळा शी होते याला जास्तीत जास्त 2 गुण आहेत. बाकीचे 18 लागल्याचं कळणं, धरून ठेवता येणं, चड्डीला डाग, चड्डीत पूर्ण शी होणं, बद्धकोष्ठ आणि चारचौघांत होणारी अडचण यांना आहेत. 17 किंवा जास्त गुण म्हणजे साधारण इतर लेकरांसारखं.

डागाला ढाळ समजणं

या एका गैरसमजानं सगळ्यात जास्त नुकसान होतं. आत खडा अडकतो आणि पातळ मळ त्याच्या कडेनं झिरपतो. चड्डी दिवसभर ओली राहते. घरच्यांना वाटतं ढाळ लागली. मग पोट साफ होण्याचं औषध बंद होतं, कधी जुलाब थांबवायची गोळीही दिली जाते. खडा आणखी मोठा होतो, आतडं ताणून सैल पडतं आणि लागल्याची जाणीवच बोथट होते. उलट काही लेकरांचं मोठं आतडं बरंच कापलेलं असतं आणि उरलेलं भराभर चालतं. त्यांना रेचक दिलं तर डाग वाढतात. चड्डी दोघांचीही सारखीच खराब दिसते, पण उपाय उलटे आहेत. म्हणून अंदाजानं औषध बदलू नका. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून खडे लागतात का ते पाहावं आणि शंका राहिली तर पोटाचा साधा एक्स-रे काढावा. मळ किती साठलाय ते त्यात दिसतं.

फुगलेलं पोट घरी सांभाळणं

हिर्शस्प्रंगच्या लेकराला ऑपरेशननंतरही आतड्याचा गंभीर दाह होऊ शकतो. पोट तंबोऱ्यासारखं फुगतं, शी पातळ, फार दुर्गंधी आणि जोरात उडणारी होते. ताप येतो, उलटी होते, लेकरू मलूल पडतं. सुरुवातीला ताप नसला तरी फुगलेलं पोट आणि मलूलपणा पुरेसे आहेत. जुलाब थांबवायचं औषध देऊ नका आणि सकाळची एसटी यायची वाट पाहत बसू नका. 108 बोलवा आणि ऑपरेशनचा कागद सोबत घ्या. नळीनं आतडं धुवायचं असेल तर ते सलाईननंच, शिकलेल्या हातानं. साध्या पाण्यानं रक्तातलं मीठ घातक पातळीपर्यंत उतरू शकतं.

वय न पाहता गुण देणं

दोन वर्षांच्या लेकराला "ताबा नाही" म्हणण्यात अर्थ नाही. ऑपरेशननंतरचा ताबा मोजायच्या 2005 च्या क्रिकेनबेक पद्धतीत मोजणी तीन वर्षांनंतर होते. लागल्याचं कळणं, ते बोलून सांगणं आणि धरून ठेवणं, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच शौच स्वतःच्या ताब्यात आहे असं धरतात. एनिमा किंवा रेचक चालू असताना चड्डी कोरडी राहत असेल तर ती औषधामुळे राहते. मोजताना कोणतं औषध, किती, कधी, हे शेजारी लिहाच.

शीची जागा नव्यानं बनवलेल्या लेकरात मणक्याचं शेवटचं हाड आणि मज्जारज्जूची तपासणी झालीय का तेही पाहा. ते राहून गेलं असेल तर तिथल्या दोषामुळे ताबा नसला तरी वर्षानुवर्षं "नीट शिकवलं नाही" असा ठपका आईवर बसतो. या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी जागा रुंद ठेवायला धातूची सळई घालणं सुरू होतं, बहुधा दिवसातून दोनदा. लेकरू रडतं म्हणून ती मध्येच सोडली तर जागा आकसते. पुढचं बद्धकोष्ठ कित्येकदा तिथूनच सुरू होतं.

सगळ्यांसमोर विचारणं

आजी, मामा, शेजारीण बसलेले असताना आठ वर्षांचं लेकरू डागाबद्दल खरं सांगणार नाही. बाकीच्यांना बाहेर बसवून, फक्त आईला जवळ ठेवून त्याच्याशी बोला. "शाळेत संडासला जातोस का?" हा प्रश्न विसरू नका. शाळेच्या संडासात पाणी नसेल तर लेकरू सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत शी दाबून धरतं. उन्हाळ्यात टँकरवर गाव असलं की पाणीही कमी पितं. हे बद्धकोष्ठ आतड्याच्या दोषाच्या खात्यात टाकू नये. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, पायाला आधार देऊन, पाच-दहा मिनिटं बसवण्याची सवय आधी लावून पाहा.

एकाच भेटीवर निर्णय

आठवणीवर विसंबू नका, दोन आठवड्यांची वही ठेवा. रोजच्या ओळीत वेळ, शी कशी (खडे, मऊ, पातळ), आधी सांगितलं का, डाग केवढा (पुसट रेघ, रुपयाएवढा, की पूर्ण चड्डी) आणि दिलेलं औषध एवढं लिहा. आईला लिहिता येत नसेल तर खुणा चालतील, आशाताई भरून देतील.

बीड, धाराशिवकडची अनेक कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि सहा महिने तपासणी चुकते. निघण्याआधीची भेट ठरवून घ्या. त्या वेळी औषधाचा पुरता साठा, ऑपरेशनच्या कागदाची झेरॉक्स आणि "पोट फुगलं तर लगेच दवाखाना" असं मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या. कारखान्याजवळच्या डॉक्टरांना लेकराचं ऑपरेशन कोणतं झालं, ते त्या झेरॉक्सवरूनच कळणार आहे.