तीनशेच्या ब्रेव्हेत मन टिकवताना

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड; ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तास मिळतात. पायांआधी मनच हात टेकतं, माझं तर भर दुपारी, समोरून वारा असताना. उपाय सापडला तो साधा: सायकल कॉम्प्युटरवरून एकूण अंतर काढून टाकलं, दिसतं ते फक्त पुढच्या कंट्रोलपर्यंतचं, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणापर्यंतचं. भुकेची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने खजूर नाहीतर चिक्कीचा तुकडा तोंडात. निम्मी निराशा रिकाम्या पोटाचीच असते! पसरणी घाट मी सगळ्यात हलक्या गिअरवर, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चढते. मग कठड्यावरची माकडं दिसतात, वळणावरून खाली वाई आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. पाचगणीत चहा-भजी झाली की पुढचा टप्पा कधी सुरू करते असं होतं.