भाकरी मोडायला लागली की शॉकअप बघा

कडक भाकरी हा नाजूक माल. ज्वारीची, पापडासारखी पातळ, कडकडीत वाळवलेली. नीट ठेवली तर महिनाभर काही होत नाही, पण एक गचका बसला की चार तुकडे. दर पंधरा दिवसांनी मी पहाटे चारला जुळे सोलापुरातून माझी ईको व्हॅन काढते. मागे भाकरीची खोकी, शेंगाचटणीच्या बरण्या, आणि अडीचशे किलोमीटरवर पुण्यातली चार दुकानं. गेल्या दिवाळीनंतर चुरा वाढला. आधी सगळ्या खोक्यांत मिळून आठ-दहा पाकिटं मोडायची, ती तीसच्या पुढं गेली. पॅकिंग करणाऱ्या पोरींना बोलले, भाजणाऱ्या मावशींना बोलले, टेंभुर्णीच्या पुढच्या रस्त्याला तर मनसोक्त बोलले. गाडीवर संशय गेलाच नाही, कारण मला ती नेहमीसारखीच वाटत होती.

शॉकअप, म्हणजे चाकाजवळचा धक्के जिरवणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर, एका दिवसात जात नाही. महिन्यामागून महिने ढिला होत जातो, आणि चालवणाऱ्याच्या कमरेला त्याची सवय होत जाते. म्हणून गाडी कशी चालते हे चालवणाऱ्याला विचारू नका, मागं बसणाऱ्याला विचारा. माझी धाकटी जाऊ लातूरहून आली होती. गुरुवारी तिला घेऊन अक्कलकोटला निघाले, तर वळसंगच्या आधीच गाडी थांबवायला लावली. तिला आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती. "वहिनी, होडीत बसल्यासारखं होतंय," म्हणाली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

आता थोडं आतलं. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगला नाचू देत नाही. त्याच्या आत तेल असतं. दांडा वर-खाली झाला की ते तेल बारीक छिद्रांतून रेटून जावं लागतं, त्यात उसळी जिरते आणि तिची उष्णता होते. ईकोला मागं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढं मात्र स्ट्रट, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली, आणि स्टेअरिंग फिरवलं की तो सगळा जोडच फिरतो. चाक सरळ धरून ठेवण्याचं कामही त्याच्याकडं. म्हणून पुढचा गेला की नुसते धक्के बसत नाहीत, गाडीची दिशाही भटकते. भिगवणच्या आसपास उजनीच्या पाण्याकडून आडवा वारा आला किंवा शेजारून ट्रक गेला की मी सारखी स्टेअरिंग सावरत होते. ते मी वाऱ्याच्या खात्यावर लिहीत होते.

तपासायला सुरुवात हाताने करा. गाडी रिकामी, सपाट जागेवर. एका कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार टाकत दोन-तीनदा दाबायचं आणि गाडी खाली असतानाच हात काढायचा. वर येऊन एकदा बसली आणि थांबली, तर ठीक. पाळण्यासारखी झुलत राहिली, तर तो कोपरा गेला. चारही कोपरे करा, कारण खरी गंमत तुलनेत आहे. माझी मागची डावी बाजू तीनदा झुलली, उजवी दीडदा. पण झुलली नाही म्हणजे चांगलाच, असं धरू नका. अर्धा थकलेला शॉकअप हाताच्या दाबाला पास होतो आणि ऐंशीच्या वेगात नापास.

मग टॉर्च घेऊन वाकायचं. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर धूळ, एवढं चालतं. पण तेल ओघळून खालच्या बोल्टपर्यंत आलं असेल आणि त्यावर सोलापूरच्या धुळीचा काळा चिखल बसला असेल, तर तो विषय संपला. एकदा फडक्यानं स्वच्छ पुसा आणि आठवड्यानं परत बघा. पुन्हा ओलं झालं तर गळतंय. नळीला पोचा आहे का, दांड्यावर गंजाचे खड्डे आहेत का, रबरी टोपी फाटलीय का, तेही तेव्हाच बघून घ्या. फाटक्या टोपीतून धूळ दांड्याला लागते आणि सील घासून टाकते.

टायरवर तळहात फिरवणं मला सगळ्यात आवडतं, कारण डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला कळतं. पूर्ण फेरीभर फिरवा. रबर ठरावीक अंतरानं उंच-खोल, वाटीवाटीसारखं लागलं तर चाक रस्त्यावर टेकून न चालता उड्या मारत चाललंय. एकच कड झिजली असेल तर मात्र आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बघा. वाट्या चाकाचं बॅलन्सिंग, म्हणजे वजनाचा समतोल, बिघडल्यानंही पडतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

आणखी एक जुनी युक्ती आहे. खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर गाडी आणायची आणि थांबल्या थांबल्या मागचे दोन शॉकअप हाताने चाचपायचे. काम करणारा कोमट लागतो, गेलेला गार. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. आणि हे सकाळी सहाला करा, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचं लोखंडसुद्धा चटके देतं.

या सगळ्यापेक्षा मला धडकी भरली ती ब्रेकची. हिवाळ्यात कारखाने सुरू झाले की रात्री-पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा ना रिफ्लेक्टर. मोहोळजवळ अशा एका ट्रॉलीमागं ब्रेक दाबला, तर गाडीनं नाक जमिनीत खुपसलं आणि चाकं टपटप उडत पुढं गेली. उडणारं चाक जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ ब्रेक नावालाच. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, नाही. वाचले, पण त्या दिवशी कळलं की इथं प्रश्न भाकरीपुरता नाही.

आता उलट बाजू. प्रत्येक खडखड म्हणजे शॉकअप नव्हे. एका गॅरेजात "चारही गेले, बदला" असं गाडी न उचलताच सांगितलं. मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीमामांकडं गेले. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पहार लावून एकेक बुश, म्हणजे जोडातलं रबर, हलवून बघितलं, मग पोराला स्टेअरिंग फिरवायला सांगून पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवला. स्प्रिंग अडकून मग टण्णकन सुटत होती. "अक्का, ही वरची माउंटिंग हाय," म्हणाले. म्हणजे स्ट्रट वर गाडीच्या बॉडीला बसतो तो जोड. लहान खड्ड्यात टकटक आवाज येतो तो बहुतेकदा बुशचा, नाही तर बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाजवळच्या गोळीच्या सांध्याचा असतो. आणि रिकामी गाडीसुद्धा मागून बसलेली दिसत असेल तर स्प्रिंग थकलीय. नवा शॉकअप घालून ती वर येणार नाही.

किलोमीटरचं विचाराल तर ऐंशी हजारांनंतर प्रत्येक सर्व्हिसला मुद्दाम बघायला लावा. लोड वाहणारी गाडी त्याआधीही हात टेकते. माझे मागचे एक लाख चार हजारांवर गेले, पुढचे थोडे तग धरून होते. बदलताना जोडीनं बदला. डावा नवा आणि उजवा जुना ठेवला तर वळणावर गाडी दोन्हीकडं वेगळी वागते. पुढचा स्ट्रट उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की आदळणं झेलणारा ठोकळा) आणि धुळीची टोपी त्याच मजुरीत नवी घालून घ्या. रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मामांना सांगावं लागलं नाही, दुसरीकडं सांगावं लागेल. स्ट्रटचं काम झालं की अलाइनमेंट करायचीच. आणि घरी हौसेनं स्ट्रट उघडायला बसू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. मागचे शॉकअप बदलणं त्यामानानं सोपं, पण मी तेही मामांवरच सोडते.

जुने भंगारात टाकण्याआधी मागून घ्या. मी मागचा डावा गॅरेजच्या फरशीवर उभा धरून दाबला. अर्ध्यापर्यंत दांडा काही अडथळा नसल्यासारखा खाली गेला, मग कुठं जरा अडला. शेजारी नवा दाबायला मला दोन्ही हात आणि पोट लावावं लागलं.

पुढच्या फेरीत सात पाकिटं मोडली. त्यातली चार एकाच खोक्यातली होती, ते खोकं मागचं दार लावताना मीच आपटलं होतं.