खाल्लेली प्रथिनं स्नायूंच्या कामी कशी लावावीत

प्रथिनं भरपूर खाऊनही स्नायू भरत नसतील तर आधी एकूण आहार तपासा. शरीर अगोदर इंधनाची सोय बघतं. कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ अपुरे पडले की अमिनो आम्लंही, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनलेली असतात ते घटकही, जाळली जातात. त्यांतला नायट्रोजन वेगळा होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. उरलेल्या भागातून ऊर्जा किंवा ग्लुकोज मिळतं. स्नायूच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून करा. दोन आठवडे रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन घ्या आणि प्रत्येक आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका: 1 ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (स्नायू आणि यकृतात साठवलेल्या ग्लुकोजसोबत) सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे काटा सहज वरखाली होतो. सरासरी घसरत असेल तर रोज 200 ते 300 किलोकॅलरी वाढवा. कर्बोदकांच्या 1 ग्रॅममधून 4 आणि स्निग्ध पदार्थांच्या 1 ग्रॅममधून 9 किलोकॅलरी मिळतात.

मग प्रथिनं मोजा. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज किमान 0.8 ग्रॅम लागतात, वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर 1.6 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96 ग्रॅम. चार वेळा 24 ग्रॅम असं वाटून घ्यावं. एका बैठकीत जास्त खाल्ली तर ती वाया जातात, असं मुळीच नाही. पण अमिनो आम्लांचा साठा करून ठेवायला चरबीसारखी जागा शरीरात नाही, त्यामुळे दिवसभर विभागून खाणं चांगलं.

सगळ्यात जास्त चूक होते ती डाळ मोजताना. 100 ग्रॅम कच्च्या डाळीत 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात, शिजून पाणी शोषल्यावर तेवढ्याच वजनात जेमतेम 7 ते 9. त्यामुळे डाळ कच्चीच तोलावी. डाळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी. दोन्ही एकाच दिवसात खाल्ली तरी उणीव भरून निघते, एकाच घासात असायची गरज नाही.

स्नायूंवर ताण पडल्याशिवाय मात्र ही बेरीज फारशी उपयोगी नाही. प्रत्येक मोठ्या स्नायूगटाला आठवड्यातून दोनदा व्यायाम द्या आणि उचलायचं वजन हळूहळू वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.