'कालिंका' फुंकवाद्यांवर बसवताना या चुका टाळा

'कालिंका' हे रशियन गाणं लोकगीत म्हणूनच कानावर पडतं, पण ते संगीतकार इवान लारियोनोव यांनी 1860 मध्ये लोकगीताच्या ढंगात रचलं. ते 1889 मध्ये वारले, त्यामुळे मूळ चाल वापरायला अडचण नाही. एखाद्या गायकवृंदाची गाजलेली मांडणी ऐकून जशीच्या तशी उतरवणं मात्र वेगळी गोष्ट. तिचे हक्क तपासा.

सगळ्यात महागात पडते ती लय. धृपद दर फेरीला चढत जातं, यातच गाण्याची गंमत. पहिलंच धृपद मिनिटाला 120 ठोक्यांनी घेतलं की पुढे चढायला जागा उरत नाही. मी 70 च्या आसपास उठवतो आणि 160 ला थांबतो. तरीही शेवटी हॉर्न मागे पडतात? वादकांवर चिडू नका, दोष कागदावर आहे. ट्युबा (सगळ्यात खर्जातलं पितळी वाद्य) ठोक्यावर आणि हॉर्न दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर ही जोडी संथ लयीत झकास वाजते, द्रुत लयीत जीभ थकते. तिथे ट्युबाला दर मापात एकच सूर द्या, मधले ठोके स्नेअर ड्रमकडे आणि हॉर्नना लांब सूर.

अंतरा मुळात एकट्या गायकाचा. तो सगळ्या वाद्यांना वाटला की बँड वाजतो, गाणं हरवतं. एकट्या युफोनियमला, म्हणजे ट्युबासारख्याच पण लहान पितळी वाद्याला, द्या. रशियन गावगाण्यात एक जण उचलतो, बाकीचे सामील होतात, कुणी मुख्य चालीपासून जरा बाजूला जातो आणि ओळीच्या शेवटी सगळे एका सुरावर येतात. दुसरं क्लॅरिनेट असंच भटकू द्या. ओळभर समांतर तिसरा सूर लावलात तर प्रार्थनागीत होईल. अंतऱ्याच्या शेवटी गायक वरचा सूर हवा तितका ताणतात. तिथे साथीदारांनी कुठे श्वास घ्यायचा ते प्रत्येकाच्या कागदावर वेगवेगळ्या जागी लिहा, नाहीतर सगळे एकदमच घेतात.

पट्टीचं थोडक्यात. या वाद्यांचे कागद मूळ पट्टीपेक्षा वेगळ्या पट्टीत लिहावे लागतात. ई मायनर निवडलंत तर बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर तीन शार्प (तीव्र सुरांच्या खुणा), आल्टो सॅक्सोफोनला चार. जी मायनरमध्ये क्लॅरिनेटला एकही नाही, आल्टोला एक शार्प, एफ हॉर्नला एक फ्लॅट (कोमल सुराची खूण).

आणि द्रुत धृपदात क्लॅरिनेट अडखळत असेल तर चाल नेमकी मधल्या ए-बी वर घुटमळते का बघा. तिथे ए वरून बी वर जाताना रजिस्टर कीसकट (वरच्या सप्तकात नेणारी कळ) जवळपास सगळी बोटं एकदम ठेवावी लागतात. चाल सप्तकभर वर न्या.