जुनी जीप तापते? रेडिएटर बदलण्याआधी हवा काढा

सगळ्यात आधी बघा, मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून फेकलाय का. माझ्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये तो नव्हताच, आधीच्या मालकाने घालवलेला, आणि मी नवा टाकायला गेलो तर गॅरेजवाला म्हणतो, "भिया, ये तो ठंडे देशों की चीज है, रहने दो." नाही राहू द्यायचं. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशाला उघडतो आणि त्यानंतर तो कोणाच्या मध्ये येत नाही, उलट काही इंजिनांत बायपासची वाट तोच बंद करतो, म्हणजे तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत बसतं. नवा बसवण्याआधी दोरीला बांधून गरम पाण्यात सोडून बघा, पाणी उकळायच्या आत उघडला पाहिजे.

बाकीची कामं सोपी आहेत. रेडिएटरच्या जाळीत आपल्या माळव्याची काळी माती बसते, ती इंजिनच्या बाजूने बाहेर अशी हलक्या धारेने धुवा, प्रेशर पंप मारलात तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतील. रेडिएटर आतून चोंदला असेल तर त्याची टाकी खोलून नळ्यांत सळई मारून घ्या. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर कोणीतरी नेहमी काढून टाकलेलं असतं, ते परत लावा. पट्टा ताणा. रेडिएटरचा खालचा होस, म्हणजे रबरी पाइप, दाबून बघा, मऊ पडला असेल तर रेस दिल्यावर पंप ओढतो आणि तो चपटा होतो, म्हणून आत स्प्रिंग असलेलाच घ्या.

रेडिएटरची टोपी मात्र नवी घ्या, शंभर-दोनशे रुपयांचा विचार करू नका. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, उघडं पाणी इथे ९८ च्या आसपासच उकळतं, पण ०.९ बारची टोपी दाब धरत असेल तर ११५ च्या पुढे जातं, सगळा खेळ त्या एका रबरावर आहे. आणि बोअरिंगचं पाणी नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं.

आता खरी गोष्ट. हवा.

हे सगळं करून मी एकदा मेमध्ये मंडलेश्वरहून जाम घाट चढत होतो, मागे बायको आणि भाचा. तापमानाचा काटा अर्ध्यावर, मग हळूहळू खाली यायला लागला, मी म्हटलं वा, नव्या कूलंटची कमाल बघा. बायको म्हणाली कसला तरी गोड गोड वास येतोय, मी म्हटलं शेतातला असेल. तो कूलंटचा वास होता! हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, हवेचा फुगा अडकलेला, सेन्सर पाण्यात नव्हताच, कोरड्या हवेत बसून थंड आकडा दाखवत होता. जाम गेटच्या अलीकडे गाडी बंद पडली, पुढे हेड फेस करून म्हणजे घासून सपाट करून घेणं, त्याखालचं गॅसकेट (सील), सगळं. म्हणून सांगतो, चढावर काटा खाली आला तर खूश होऊ नका, थांबा.

हवा काढायची ती अशी. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी, गरम असताना टोपीला हातही लावायचा नाही. पुढची चाकं चढावर घ्या किंवा जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं पाहिजे, सपाट जमिनीवर हवा निघाली असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा. थर्मोस्टॅटला छोटं भोक किंवा खिळ्यासारखी पिन असेल तर बसवताना ती वरच आली पाहिजे, हवा तिथूनच सुटते, मी पहिल्यांदा खाली ठेवली होती.

पाणी अगदी बारीक धारेने, दुसऱ्या हाताने वरचा होस दाबत सोडत. गुळूक गुळूक आवाज येईल आणि पातळी एकदम चार बोटं खाली जाईल, परत भरा. मग टोपी उघडीच ठेवून इंजिन आयडलवर. दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही, इथेच लोक कंटाळून टोपी लावतात आणि फसतात. वरच्या होसवर हात ठेवून बसा, तो कोमट कोमट असतो आणि अचानक चटका देतो, थर्मोस्टॅट उघडला. त्याच क्षणी पातळी घसरते, भरा, थोडी रेस द्या, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मग टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा, माझं दर वेळी अर्धा-पाऊण लिटर जातंच.

तीनदा करूनही बुडबुडे थांबत नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, तर ती अडकलेली हवा नाही, गॅसकेटमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. मग रेडिएटरवर पैसे घालू नका, हेड खोला.