पाणी वाचवणाऱ्या इमारतीत या चुका टाळा

विद्यापीठात नवं इनोव्हेशन सेंटर उभं राहतं, 'हरित इमारत' म्हणून पाटी लागते आणि वर्षभरात तिथल्या संडासात बादली येते. मराठवाड्यात अशा इमारतींच्या नळकामात माझी बरीच वर्षं गेली. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात ही बादली बघवत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पिण्याची आणि फ्लशची लाइन एकमेकींना जोडणं. एका इमारतीत बेसिनचं सांडपाणी गाळून फ्लशला वापरायचं होतं. उद्घाटन दोन दिवसांवर आलं. इमारतीत अजून माणूसच नाही, म्हणून सांडपाणी नाही, म्हणून फ्लश कोरडे. प्लंबरने पिण्याच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) मारून एक वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, बसवला आणि फ्लशची लाइन भरून घेतली. "सर, नंतर वॉल बंद करून टाकतो ना!" वॉल त्याने बंद केला, पण टी तसाच राहिला. उन्हाळ्यात बोअर आटला, पिण्याच्या लाइनचा दाब पडला. फ्लशचा पंप मात्र चालूच होता. तिसऱ्या मजल्यावरची एक विद्यार्थिनी बाटली घेऊन आली, "सर, याला साबणाचा वास येतोय." फॉल्स सीलिंगमागे तो टी सापडायला दिवस गेला. वॉल बंदच होता, पण गाळाने आतून झिजून गळत होता. टाक्या उपसून धुवाव्या लागल्या, क्लोरीन टाकावं लागलं आणि तोवर टँकरवर भागवलं.

तेव्हापासून फ्लशच्या टाकीत पिण्याच्या लाइनचं पाणी घ्यायचं तर पाइप वरून, मोकळा सोडतो. त्याचं तोंड टाकीच्या काठाच्या वर, पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंचीवर हवं; एक इंची पाइपला दोन इंच. नुसत्या एनआरव्हीवर, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेवर, माझा भरवसा नाही, वाळूचा एक कण अडकला की झडप उघडीच राहते. ताबा देण्याआधी पिण्याची लाइन टाकीजवळ बंद करा, तिचे सगळे नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या, फ्लशचा पंप चालू ठेवा आणि अर्धा तास थांबा. मग कुठल्याही नळाला धार आली, तर लाइनी जोडलेल्या आहेत. ही चाचणी झाल्याशिवाय मी सही करत नाही, पाहुणे गेटवर आले असले तरी.

दुसरी चूक एरेटरची, म्हणजे नळाच्या तोंडावरच्या पाणी वाचवणाऱ्या जाळीची. आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, त्यामुळे जाळीवर क्षार बसतात आणि धार बारीक होते. मग कोणीतरी जाळीच काढून फेकतं, आणि बचतीसाठी बसवलेला नळ धो धो वाहायला लागतो. जाळी सुईने टोकरू नका, भोकं मोठी होतात. रात्रभर लिंबूसत्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. मी जाळ्यांचे दोन संच ठेवतो: एक नळाला, एक डब्यात, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अदलाबदल. सेन्सरच्या नळांचंही असंच होतं. आधी फिल्टर नसेल तर आतला वॉल गाळाने अडकतो आणि नळ बंदच होत नाही. संपाचं (जमिनीतल्या टाकीचं) पाणी गढूळ असेल तर साधा दाबाचा नळ बरा.

बाकीचं थोडक्यात. सहा लिटरच्या सिस्टर्नचा (संडासातल्या छोट्या टाकीचा) फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, वर चढवून नऊ लिटर करू नका. मैला अडत असेल तर ड्रेनेजचा उतार तपासा. सिस्टर्नमध्ये खायचा रंग टाकून पंधरा मिनिटं फ्लश न करता थांबा, भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा, झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. हजार चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर. पण पहिल्या सरीत उन्हाळ्याची सगळी धूळ उतरते, गच्चीचं पाणी बोअरमध्ये मुरवताना ती आत सोडू नका.

आणि प्रत्येक लाइनला वेगळा मीटर लावा. इमारतीला कुलूप लागल्यावर आकडा लिहा, सकाळी उघडण्याआधी परत बघा. एका सोमवारी असाच आकडा हललेला दिसला. गच्चीवर गेलो तर टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा गोळा) अडकून ओव्हरफ्लोमधून दोन रात्री पाणी वाहत होतं, आणि पाइपचं तोंड मागच्या नाल्यावर असल्याने कोणालाच ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून ओव्हरफ्लोचं तोंड मी पायऱ्यांसमोर काढतो.